गुलाबी झग्याची राखण

अमेरिकेत, मॉरिसव्हिलहून अर्ध्या तासावरच्या एका लहानशा म्युझियममध्ये एक काकू गार्ड आहेत. मूळच्या नागपूरच्या. निळा कोट, पांढरे बूट आणि वाक्यावाक्याला 'नं'. त्यांचं दालन जलरंगातल्या चित्रांचं, म्हणून तिथे उजेड मंद असतो. मी गेले की त्या मला हटकून एकाच चित्रापाशी नेतात. इंग्लंडमधल्या एका जमीनदाराची हवेली आणि हिरवळीवर चहा पीत बसलेल्या नटलेल्या बायका.

"ही गुलाबी झग्यातली पोरगी पाहा नं. उजेडानं रंग उडतो. माझ्या ड्यूटीत नाही उडू देणार."

परवा एक गृहस्थ कुटुंबाला आणि फोटोग्राफरला घेऊन आले. दालनाच्या दारावर देणगीदार म्हणून त्यांचंच नाव कोरलेलं आहे. फोटोग्राफरनं चित्रासमोर दोन मोठे दिवे लावले, तशा काकू मध्ये जाऊन उभ्या राहिल्या.

"नो लाइट्स, सर. इट्स वॉटरकलर."

"मी कोण आहे, माहीत आहे?" गृहस्थांनी इंग्रजीत विचारलं.

"यस, सर," काकू अदबीनं म्हणाल्या, पण हलल्या नाहीत.

मॅनेजर धावत आला. मला वाटलं, आता यांची नोकरी जाणार. त्यानं दिव्यांकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं आणि म्हणाला, "शी इज राइट, सर."

दिवे विझले. काकूंनी कोटाची बटणं नीट केली आणि पुन्हा आपल्या कोपऱ्यात गेल्या.

"कोण हो या?" शेजारी उभ्या असलेल्या अमेरिकन बाईनं मला हळूच इंग्रजीत विचारलं.

नात्यानं त्या माझ्या कोणीच लागत नाहीत. तरी मी ताठ मानेनं सांगितलं, "माझ्या काकू."