सुझुकी आणि आमच्या खळ्यातली उडवी

मी गाव सोडलं त्या सकाळी आबा उडवीवर उभे होते. कापलेल्या भाताचे भारे झोडणीपर्यंत राहावेत म्हणून आमच्याकडे खळ्यात त्यांची उडवी रचतात. मधे खांब, त्याच्याभोवती गोल गोल भारे, लोंब्या आत आणि बुडखे बाहेर. शेजारचा बबन खालून भारा फेकायचा, आबा वर झेलून पायाने दाबून बसवायचे. काम अर्ध्यावर आलं होतं आणि जीप आली. मी बॅग टेकवून नमस्कारासाठी उभा राहिलो, तर आबा वरूनच म्हणाले, "आता मी उतरलो तर उडवी कलती व्हायची. जा तू. गाडी नाय थांबायची." आणि जीपपर्यंत पोचलो तेव्हा मागून हाक आली, "पोचलास की कळव." त्याआधी मी काय केलं, तर उडवीलाच हात लावून तो कपाळाला लावला होता. बबन फिस्सकन हसला. पेंढ्याच्या पाया पडून सौदीला गेला, असं तो पुढे सगळ्यांना सांगायचा.

त्याला आता पाच-सहा वर्षं झाली. सौदीतल्या यान्बूच्या एका प्लांटमध्ये मी इन्स्ट्रुमेंटेशन बघतो. आधी कॅम्पातली खोली, मग इकामा, म्हणजे तिथला राहण्याचा परवाना, हातात आल्यावर यथावकाश फॅमिली व्हिसा, मग बायको वैदेही आणि मुलगी ईरा. ईरा इंडियन स्कूलमध्ये जाते. फोनवर "आजोबा, हाऊ आर यू?" विचारते आणि आबा तिकडून "हाऊ आर यू, हाऊ आर यू" म्हणून खूश होतात. पुढे दोघांनाही बोलायला काही सुचत नाही, मग रिसीव्हर माझ्याकडे येतो. मी हवापाण्याचं विचारतो. खरं तर गुरं किती राहिली, भाताची कुठली कोंडी ओसाड पडली, हे विचारायचं असतं. ते मी टाळतो, कारण उत्तर मला ठाऊक असतं.

दुसऱ्या वर्षी मी एक पुण्यकर्म केलं. बबनच्या हाताला काम नव्हतं. आमच्या एका कंत्राटदाराला स्कॅफोल्डिंगसाठी उंचीला न घाबरणारी माणसं हवी होती. मी शब्द टाकला आणि तीन महिन्यांत बबन यान्बूत. गावात माझं नाव झालं. त्याची बायको आईला भेटून रडली. या सगळ्या कौतुकात आता आबांच्या हाताशी भारे कोण देणार, हे कोणी विचारलं नाही. मीही नाही. आबा एवढंच म्हणाले, "बरं केलंस. त्यालाही पोरंबाळं आहेत."

सुझुकींची ओळख झाली ती नव्या कॉम्प्रेसरमुळे. तो बसवून घ्यायला जपानहून जी माणसं आली, त्यांत हे पन्नाशीचे, बुटके, अतिशय नीटनेटके गृहस्थ होते. नाव ऐकताच आम्हा भारतीयांना गाडीच आठवली. कोणी हॉर्नचा आवाज काढी, कोणी मायलेज विचारी. सुझुकी न रागावता हसायचे. एकदा धुळीचं वादळ येऊन गेल्यावर आम्ही पिकअपशी चहा पीत उभे होतो. मी त्यांना म्हटलं, तुमचं नाव आमच्या देशात फार प्रसिद्ध. ते म्हणाले, आमच्याही देशात. शाळेत एका वर्गात इतके सुझुकी होते, की मास्तरांना पहिल्या नावाने हाक मारावी लागे.

मग त्यांनी गाडीच्या बॉनेटवरच्या धुळीत बोटाने एक उभी रेघ काढली आणि तिच्याभोवती खालून वर आडव्या रेघा मारत नेल्या. म्हणाले, हे आमचं नाव. त्यांच्या मोडक्या आणि माझ्या थोड्या कमी मोडक्या इंग्रजीतून मला कळलं ते असं. जपानच्या दक्षिणेला समुद्राकाठी एक जुना देवस्थानांचा मुलूख आहे. तिथे कापलेलं भात खांबाभोवती रचत आणि त्यात धान्याचा देव उतरतो असं मानत. त्या रचलेल्या भाताला तिथल्या बोलीत जे म्हणत, त्यावरून एका पुजारी घराण्याला हे नाव पडलं, असं सांगतात. त्या घराण्यातली माणसं देवाचा प्रचार करत पूर्वेकडे गेली. जिथे गेली तिथे देऊळ झालं, आणि भक्तही तेच नाव लावू लागले. पुढे सरकारने सगळ्यांनाच आडनाव घ्यायला लावलं, तेव्हा आणखी कितीतरी जणांनी ते घेतलं. आज देशातल्या सगळ्यात जास्त आढळणाऱ्या आडनावांत ते आहे. मात्र सगळी दाटी पूर्वेकडे. नाव जिथून निघालं, तिथलं मूळ घर वारस नसल्याने बंद पडलं. सुझुकी एकदा वडिलांबरोबर ते बघायला गेले होते. दाराला हात लावून परत आले.

मी त्या धुळीतल्या चित्राकडे बघत राहिलो. ती आमचीच उडवी होती. फक्त वर आबा नव्हते.

मी ते सांगितल्यावर ते इतके हरखले, की चहा सांडला. त्यांनी खरी उडवी कधी पाहिली नव्हती, शाळेच्या पुस्तकात फोटो तेवढा. मग त्यांनी माझ्या नावाचा अर्थ विचारला. मी म्हटलं, पाटखोलकर म्हणजे पाटखोल गावचा. मुंबईत आमची बरीच घरं आहेत, पुण्यात आहेत, एक इथेच सौदीत कतीफला आहे, यान्बूत आम्ही तिघं. त्यांनी अगदी सहज विचारलं, "आणि पाटखोलमध्ये?"

"दोघं," मी म्हटलं. आई आणि आबा.

 सुझुकी म्हणाले, कापणीला घरी गेलात तर माझ्यासाठी उडवीचा एक फोटो आणा.

त्याच दिवशी मी घरी फोन लावला. या वर्षी कापणीला येतो, भारे मी देणार, म्हटलं.  आबा म्हणाले, "ये. हातमोजे घालून ये पण. तुझे हात आता साहेबाचे." फोटोसाठी मी बाजारातून डिजिटल कॅमेरा घेतला. देशाबाहेर जाऊन परत यायचा, एक्झिट री-एंट्रीचा शिक्काही झाला. आणि प्लांटचा दुरुस्तीसाठीचा शटडाऊन लांबला. सुट्टी आठवडाभर पुढे गेली, मग आणखी आठवडाभर. दर वेळी मी फोनवर सांगायचो, आबा, येतोच आहे. खात्री नसतानाही सांगायचो. नाही म्हणायची लाज वाटायची.

मी पोचलो तेव्हा खळ्यात नुसता खांब होता. अवेळी पाऊस होऊन गेला होता. कडेला निळ्या प्लास्टिकखाली भारे काळे पडले होते आणि लोंब्यांना हिरवे कोंब फुटले होते. आबा गोठ्याकडे गेलेले बघून आई हळूच म्हणाली, "गडी मिळत होता रे, पलीकडच्या वाडीतला. ह्यांनीच नको म्हटलं. तू येणार होतास ना."

मला आबांनी एका शब्दाने बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं. संध्याकाळी पडवीत बसून ते म्हणाले, "पुढल्या वर्षी नाय करत आता. दोघांना किती लागतं?" मी विचारलं, मग खांब काढून ठेवू का? ते एकदम तडकले. "तो कशाला काढतोस? राहू दे त्याला."

निघायच्या आदल्या दिवशी मी खांबाशेजारी आबांना उभं करून फोटो काढला. यान्बूत सुझुकींनी तो कॅमेऱ्याच्या एवढ्याशा पडद्यावर डोळे बारीक करून पाहिला. "भात कुठे?" मी म्हटलं, या वर्षी उशीर झाला. ते पुढे विचारते तर मी सांगितलं असतं. त्यांनी विचारलं नाही. कॅमेरा दोन्ही हातांत धरला आणि आबांच्या चित्रापुढे कमरेतून वाकले. प्लांटमध्ये, हेल्मेट घालून. मला तिथे उभं राहवेना.

घर म्हणजे काय, असं मला इथे कोणी विचारलं तर मी पत्ता सांगतो. तुम्ही निघालेले असाल तर तुम्हीही तेच करत असाल. तिथेच राहिलेल्यांना तर असले प्रश्न विचारायला सवड नसते. माझ्यापुरतं सांगतो. या खेपेला निघताना जीप आली तेव्हा आबा खळ्यात माझ्यासमोर उभे होते, हात रिकामे, पाय जमिनीवर. मी वाकलो, दोन्ही पायांना हात लावला, त्यांनी पाठीवर हात ठेवला. सगळं रीतसर झालं. घाई नव्हती, कलण्यासारखं काही नव्हतं. आणि वाकलेला असताना मला एकच वाटत होतं, की ह्यांनी वर असायला हवं होतं. वरून ओरडायला हवं होतं, जा तू, मला उतरता येत नाय.