योगिनीचा डेंग्यू

आमची दर्शना वहिनी रिमोटला प्लॅस्टिक आणि सोफ्यावर चादर घालणाऱ्यांतली. वीस वर्षं कोपरला राहते, पण तिच्या सोफ्याचा खरा रंग कुठला, ते मला अजून माहीत नाही. बाई कष्टाळू. शिकवण्या घेऊन तिने लेकीला एम.कॉम. केलं. पण लोक काय म्हणतील, या धास्तीपायी तिने जे लपवलं ते सांगताना आजही माझं डोकं फिरतं.

लेक योगिनी, तेवीस वर्षांची. गेल्या वर्षी पोरगी जेवेना, अंघोळीला उठेना. वहिनीने तिला ठाण्याला मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे नेलं, हे चांगलंच केलं. पण तेव्हा स्थळं बघणं चालू होतं. म्हणून शेजारीपाजारी सांगितलं, रूट कॅनल चालू आहे. मलाही तेच. मी सख्खी आत्या, दोन गल्ल्या सोडून राहणारी! डिप्रेशनच्या गोळ्या पाकिटातून काढून कॅल्शियमच्या बाटलीत भरल्या आणि आतला माहितीचा कागद कचऱ्यात गेला.

डॉक्टरीणबाईंनी वहिनीला बजावलं होतं. गुण यायला काही आठवडे लागतील, सुरुवातीला तरुण मुलांच्या मनात जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार वाढू शकतात. लक्ष ठेवा, तसं काही दिसलं तर लगेच फोन करा, गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका. हे सगळं मला नंतर कळलं.

गोळ्या चालू झाल्याच्या दहाव्या दिवशी वहिनी आणि माझा भाऊ उत्तमदादा लग्नाला गावी गेले. योगिनीला माझ्याकडे ठेवलं, बाटलीसकट. कॅल्शियम रोज द्यायचं, एवढंच मला सांगितलं.

पोरगी घरभर येरझारा घालत होती. दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्याजवळ येऊन बसली.

"आत्या, ह्या गोळ्या चालू झाल्यापासून नको ते विचार येतात गं. मरून जावंसं वाटतं."

मी हसले. "कॅल्शियमने कुणाला असं होतं का, वेडाबाई?"

 गोळ्या कसल्या ते कुणाला सांगायचं नाही, अशी आईने तिला शपथ घातली होती. मी तिला सरबत करून दिलं आणि भाजी आणायला गेले.

त्याच संध्याकाळी तिला हॉस्पिटलात न्यावं लागलं. तिने काय केलं ते मी सांगणार नाही. वाचली, एवढं पुरे.

वहिनी गावाहून धावत आली, रडली, माझ्यासमोर सगळं कबूल केलं. मग डोळे पुसले आणि भेटायला येणाऱ्यांना डेंग्यू सांगायला लागली. तिसऱ्या दिवशी शेजारच्या मंजुळाताई पपईच्या पानांचा रस घेऊन आल्या. त्याने प्लेटलेट वाढतात म्हणे. वहिनीने ग्लास माझ्या हातात दिला.

मला वहिनीचा संताप आला होता, स्वतःचा त्याहून जास्त. खरं काय ते मंजुळाताईंना सांगून टाकावं, असं अगदी ओठांवर आलं होतं. योगिनी माझ्याच तोंडाकडे बघत होती.

"पी बाळा," मी म्हटलं, "ताप उतरेल."

तिने तो कडू रस एका दमात संपवला आणि भिंतीकडे तोंड केलं.