पाचव्या ओळीतली बाई

इकडे सरका जरा, जवळ बसा. लांबून बोललेलं मला ऐकू येत नाही, आणि तुम्हाला तर जवळ बसायची सवयच उरली नाही. गाव सोडून नागपूर-पुण्याकडे गेलात, बरं केलंत, पण परत कधी येता? कोणाच्या मातीला येता. माती झाली की चहा घेता, मोबाईल बघता आणि निघता. मार्थाबाईच्या मातीलाही तसेच आलात. कबरीवर फुलं टाकलीत आणि मला म्हणालात, "काकू, फार चांगल्या होत्या हो त्या." चांगल्या होत्या म्हणे! एवढ्या बाईला एवढाच शब्द? मला तेव्हाच बोलायचं होतं, पण तुमच्या गाडीचं इंजिन सुरू होतं. म्हणून आता लिहून राहिले. शाळेचं तोंड न पाहिलेली बाई पेपरच्या पुरवणीत लिहायला निघाली म्हणून हसू नका. मला लिहायला जिनं लावलं, तिच्याबद्दलच लिहिते आहे.

मार्थाबाई माझी नणंद, माझ्या नवऱ्याची मोठी बहीण. आमची घरं भिंतीला भिंत लागून. शेवटची भेट झाली तेव्हा मी बाभुळगावला लेकीकडे निघाले होते, डोळ्याच्या ऑपरेशनसाठी. पिशवी भरून ओट्यावर ठेवली होती. तेवढ्यात त्या कापडात गुंडाळलेली वही घेऊन आल्या.

"लीला, हे तुह्या पेटीत ठेव."

"माह्या कायले? मी तं दवाखान्यात चालली."

"तुह्या पेटीले कुलूप हाय म्हणून."

"तुमच्या बी पेटीले हाय की."

"माह्या कुलपाची चाबी कुठं असते, ते साऱ्या मंडळीले ठाव हाय वं," म्हणाल्या आणि हसल्या. मीही हसले. वही पेटीत टाकली, चाबी कमरेला खोवली आणि गेले. ऑपरेशन झालं, डोळ्यावर हिरवी पट्टी बांधली, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी पुतण्याचा फोन आला... "काकू, मोठी आत्या गेली. भाजी निवडता निवडता गेली." डॉक्टरांनी बजावलं होतं, डोळ्यात पाणी येऊ द्यायचं नाही. एका डोळ्यानं रडता येत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

आता त्या वहीचं सांगते, कारण बाई म्हणजेच ती वही. आमचं गाव पांढरकवड्याच्या रस्त्याला, आत दोन कोस. तिथं आमची बाप्तिस्त मंडळी, टिनाच्या छपराचं छोटं देऊळ (चर्चला आम्ही देऊळच म्हणतो), डाव्या अंगाला बायांच्या चटया, उजव्या अंगाला माणसांच्या. आमच्यात लेकराच्या डोक्यावर पाणी शिंपडत नाहीत. माणूस मोठा होतो, समजून उमजून विश्वास धरतो, सगळ्यांसमोर स्वतःच्या तोंडानं कबूल करतो, आणि मग पाळक त्याला नदीच्या डोहात पुरता बुडवून बाहेर काढतात. स्वतःच्या तोंडानं... हे ध्यानात ठेवा. डोहाच्या काठावर मंडळीचे चिटणीस रजिस्टर घेऊन बसायचे आणि पाण्यातून निघालेल्या प्रत्येकाचं नाव लिहायचे. कितीतरी वर्षं ते काम माझ्या सासऱ्यांनी केलं. मोत्यासारखं अक्षर. सगळे त्यांना बाबा म्हणत.

मार्थाबाई ऐन तरुणपणी विधवा होऊन माहेरी आल्या. मूलबाळ नाही. पुढे अंगणवाडीत सेविका म्हणून लागल्या. अंगणवाडीचं काम म्हणजे लेकरं कमी आणि रजिस्टरं जास्त. वजनाचं वेगळं, लसीचं वेगळं, गरोदर बायांचं वेगळं. तिथं पहिल्याच रकान्यात आईचं नाव लागतं. त्यामुळे कोणतीही बाई दिसली की यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "नाव काय वं माय तुहं?" एसटीच्या थांब्यावर, हातपंपावर, लग्नाच्या पंगतीत, कुठंही. मला लाज वाटायची. मी म्हणायची, "बाई, कायले पुसता साऱ्याईले?" तर म्हणायच्या, "सांगताना पाह्य ना तिचं तोंड कसं होते ते."

बाबांची नजर मंद झाली तेव्हा रजिस्टरातून दाखले उतरवून द्यायचं काम बाईंकडे आलं. एक दिवस पांढरकवड्याहून एक म्हातारी आली. तिला तिच्या आईचा बाप्तिस्मा आमच्या डोहात कधी झाला ते पाहायचं होतं. बाईंनी पान काढलं. वर सतरा नंबरला तिच्या बापाचं नाव, बापाच्या बापाचं नाव, आडनाव, सगळं. खाली काय? "क्र. सतराची बायको." आणि सतरा नंबरानं दोन लग्नं केलेली! पहिली बायको की दुसरी, कोणाला सांगता येणार? म्हातारीनं त्या ओळीवरून बोट फिरवलं. वाचता येत नव्हतं तिला. म्हणाली, "म्हंजे माही माय इथं नाहीच का?" बाईंनी तिला भाकर वाढली, थांब्यापर्यंत सोडायला गेल्या, आणि परत येऊन तडक बाबांसमोर बसल्या. मी चुलीपाशी होते, सगळं ऐकत होते.

"बाबा, बायाईचे नाव काहून नाही लिवले?"

बाबा म्हणाले, "मी काठावर बसू. पाळक पाण्यात नाव पुसत. बाया पदर तोंडात धरून उभ्या. समोर सासरा, दीर. कोन बोलन? मंग नवरा काठावरून म्हने, माही बायको हाय, लिवा. मी लिवलं."

"अन् मायचं?"

त्याच रजिस्टरात माझ्या सासूबाईंच्या ओळीत लिहिलेलं होतं, "चिटणीसाची बायको". बाबा हळूच म्हणाले, "तिचं नाव तं मले माहीत होतं... चारचौघात पुसलं असतं तं लाज वाटली असती, म्हनून लिवताना बी लाज वाटली."

दुसऱ्या दिवशी बाईंनी बाजारातून जाड पुठ्ठ्याची वही आणली. रजिस्टराचं पान अन् पान, ओळ अन् ओळ तिच्यात उतरवली, माणसांची नावं जशीच्या तशी, आणि जिथं जिथं "बायको" होतं तिथं जागा सोडली. मग अंगणवाडी सुटली की घरोघर. जिवंत होत्या त्यांना विचारलं, गेलेल्यांच्या लेकींना, सुनांना, माहेरच्यांना विचारलं. मी सोबत जात असे.

कौसाबाईंकडचा दिवस मला अजून दिसतो. म्हातारी कापसाच्या पऱ्हाटीच्या काड्या चुलीसाठी मोडत बसली होती. आम्ही नाव विचारलं तर हसत सुटली. "माहं नाव? बापा! आता मराच्या टायमाले नाव कायले लागते? माहेरी मले सरजी म्हनत. सासूनं कौसा ठेवलं. पाळकानं पाण्यात सारा ठेवलं. कोन्तं लिवतं?"

"तिन्ही लिवते."

"जागा पुरन का?"

"नाही पुरली तं तुह्या नवऱ्याच्या रकान्यात लिवू."

"लिव, लिव! साऱ्या जिंदगीत त्यानं माह्यासाठी जागा सरकवली नाही. आता तरी सरकन!" म्हातारी एवढी हसली की खोकल्याची उबळ आली. आम्ही निघालो तर मागून ओरडली, "सरजी पयलं लिवजो वं! मायनं ठेवलं ते पयलं!"

अशी ती वही भरत गेली. आणि एक दिवस माझी ओळ आली. जुन्या रजिस्टरात मी "चिटणीसाची सून". तोवर मी अंगणवाडीच्या भिंतीवरच्या तक्त्यावरून अक्षरं गिरवून गिरवून घोकली होती. कोणी शिकवलं नाही, कोणाला सांगितलंही नाही. पण बाईंच्या नजरेतून काय सुटतं? त्यांनी वही माझ्यासमोर सरकवली, पेन्सिल हातात दिली. "तुही ओळ तू लिव." ली मोठी झाली, ला खाली घसरला. मी म्हटलं, "खोडून तुम्ही नीट लिवा." त्या म्हणाल्या, "या वहीत खोडत नाही." ते वाकडं लीला आजही तसंच आहे.

मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचांना हे सगळं कळलं तेव्हा गडबड झाली. पंचांचा प्रमुख डॅनिएलभाऊ. वाईट माणूस नाही तो, माझ्या ऑपरेशनला त्यानंच आपली जीप दिली. पण त्याचं म्हणणं, रजिस्टर एकच, बाकी सगळं खाजगी. बाई म्हणाल्या, असू दे खाजगी. देवानं पवित्र शास्त्रात, बायबलात, पानंच्या पानं नुसती नावं लिहून घेतली, त्याला कंटाळा आला नाही, मलाही येत नाही.

सगळ्या जागा भरल्या, एक सोडून. पहिल्या पानावरची पाचवी ओळ. आमच्या डोहात अगदी पहिल्यांदा पाच जण उतरले. चार माणसं, त्यांची पूर्ण नावं आहेत, आणि पाचवी, "वरील तिसऱ्याची बायको". आमच्या मंडळीतली ती पहिली बाई. आणि तिचंच नाव नाही! ते घर फार मागे गाव सोडून गेलं, बोरी अरबकडे गेलं म्हणतात. बाई तीनदा बोरी अरबला गेल्या. बाजारात भाजीवाल्या बायांजवळ बसून विचारलं. नाव काही लागलं नाही. डॅनिएलभाऊ एकदा म्हणाला, "आत्या, मरियम लिहून टाका ना. कोनाले समजते?"

बाई म्हणाल्या, "तिले समजन."

आणि ओळ रिकामी ठेवली.

आता मातीनंतरचं ऐका. तुमच्या गाड्या गेल्या आणि दोन दिवसांनी डॅनिएलभाऊ आला. माझ्या डोळ्यावर अजून काळा चष्मा. मंडळीची स्मरणिका छापायची ठरली आहे, पहिल्या सभासदांची यादी तिच्यात द्यायची आहे.

"काकू, आत्याची ते वही द्या. कपाटात ठिवतो, कुलूप लावून."

"कोन्त्या कपाटात? जुनं रजिस्टर ज्या कपाटात उधईनं खाल्लं, त्याच ना?"

तेच झालं होतं. पावसाळ्यात कपाटाला ओल लागली आणि उधईनं, म्हणजे वाळवीनं, जुन्या रजिस्टराची निम्मी पानं चाळणी करून टाकली होती. म्हणून तर वही पाहिजे होती.

"आमाले फक्त जुने सभासद उतरवून घ्याचे हाय, काकू. बाकीचं आत्याचं खाजगी काम तुमच्यापाशीच राहू द्या."

"बाकीचं म्हंजे काय रे?"

"म्हंजे... बायाईचे नावं. ते मूळ रजिस्टरात नव्हते ना."

मी पेटीवर बसले होते, उठलेच नाही. म्हटलं, "डॅनिएल, तुह्या आजाचं नाव तरी मूळ रजिस्टरात उरलं का? उधईच्या पोटात गेलं ते. आता या वहीत हाय. आजा पायजे असन तं आजी बी न्या लागन. एकट्या आजाले मी या घरातून जाऊ देत नाही."

"काकू, पंच मानणार नाही."

"मंग पंचाईच्या बी आज्या इथंच राह्यतीन. माह्यापाशी."

रविवारी मी वही काखेत मारून उपासनेला गेले. हे सगळं पाळकांच्या कानावर गेलं होतंच. पाळक तरुण आहेत, नवीन आहेत. उपासना झाल्यावर म्हणाले, "काकू, तुम्हीच वाचता का?" मी पुढे उभी राहिले. एक डोळा ऑपरेशनचा, एक मोतीबिंदूचा, आणि वाचणारी मी! अडखळत वाचलं, पण वाचलं. माणसांची नावं वाचली, बायांची वाचली. "सरजी, कौसा, सारा" म्हटल्यावर डाव्या अंगाला चटईवरून एक बाई उठून उभी राहिली, "माही आजसासू." मग दुसरी उठली. मग कोणी बसेचना. डॅनिएलच्या आजाचं नाव आलं, त्याच्या खाली आजीचं आलं, "भुलाई". उजव्या अंगाहून डॅनिएलचा आवाज आला, "काकू... पुन्हा वाचा ना ते." त्याला माहीत नव्हतं हो! साठीच्या माणसाला आपल्या आजीचं नाव माहीत नव्हतं. मी पुन्हा वाचलं.

पाचवी ओळ मी शेवटी घेतली. तिथं काही लिहिलेलं नाही, म्हणून माझ्याच मनानं म्हटलं, "पाचव्या ओळीतली बाई. नाव विचारायचं राहून गेलं."

पंचांचं अजून चाललंच आहे. काही म्हणतात छापू, काही म्हणतात नियमात बसत नाही. चालू द्या त्यांचं. मी कुठं घाईत आहे? छापतील तर सगळी नावं छापतील, नाही तर एकही नाही. शेवटच्या पानावर बाईंच्या मरणाची नोंद मी माझ्या हातानं केली. पंचांनी सांगून पाठवलं होतं, अमक्याची कन्या, प्रभुवासी तमक्याची पत्नी असं रीतीनं लिहा. मी लिहिलं, "मार्था. हिनं सगळ्यांना नाव विचारलं." ल अजूनही वाकडाच येतो माझा. पण खोडायचं नाही, ते मी पाळलं.

वही माझ्याच पेटीत आहे. चाबी कमरेला. वहीला सुतळीनं पेन्सिल बांधली आहे, बाईंचीच, दातांनी चावून चावून वरून चपटी झालेली. पाचवी ओळ अजून रिकामी आहे. म्हणून म्हणते, मातीची वाट पाहू नका. निघायच्या आधी घरातल्या म्हातारीजवळ बसा, तिला तिच्या सासूचं नाव विचारा, सासूच्या सासूचं विचारा. तुमच्यापैकी कोणाचं घर बोरी अरबकडून आलेलं असेल तर दोनदा विचारा. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन करायचं आहे माझं, त्याच्या आत या. भाकर-ठेचा करीन, भरपूर वेळ काढून या, आणि गाडीचं इंजिन बंद करून या. या बरं लवकर.