चाळीस पावलांवरची वॉर्निंग

आमची पोस्ट चौदा हजार फुटांवर होती. सोळा जण, तीन बंकर, एक वायरलेस सेट. मी हवालदार, सेट माझ्या ताब्यात. गाव लोणखेडा. बावीस वर्षं फौजेत काढली, त्यातला हा बर्फातला शेवटचा हिवाळा.

मागे आमच्याकडच्या कॉलेजात एनसीसीच्या मुलांपुढे बोलायला बोलावलं होतं. एका मुलीने विचारलं, "सर, वॉर्निंग आणि ऑर्डर यात फरक काय?" मी म्हटलं, "ऑर्डर मोडली तर शिक्षा. वॉर्निंग मोडली तर..." आणि पुढे जीभच उचलेना. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, साहेब भावुक झाले. कसलं भावुक! मला उत्तर येत नव्हतं. अजूनही येत नाही. म्हणून घडलं ते घडलं तसं सांगतो, तुम्हीच बघा.

रोज सकाळी खालच्या कंट्रोलकडून मेसेज यायचा. "एव्हलांच वॉर्निंग, लो." कधी "मीडियम". म्हणजे उतारावरचं बर्फ सुटायची भीती किती, ते. मी वेळ टाकून रजिस्टरला लिहायचो. नियम असा, की पार्टी निघताना पोस्टच्या तोंडाशी उभं राहून सेटवाल्याने ती वॉर्निंग पार्टी कमांडरला सांगायची आणि त्याने ती परत म्हणून दाखवायची. जायचं की थांबायचं, ते त्याने ठरवायचं. आमचे मेजरसाहेब म्हणायचे, "पाटील, वॉर्निंग हुकूम नाही. पण ती माणूस निघायच्या आत पोचली पाहिजे."

या नियमात मी माझ्यापुरती एक पळवाट काढली होती. निघणाऱ्याच्या तोंडावर वाईट बोलायचं, हे माझ्या जिवावर यायचं. आमच्या घरात बाहेर पडणाऱ्याला "कुठे चाललास" एवढंसुद्धा कोणी विचारत नाही. आई म्हणायची, "जानारा मानूसले मांगून हाक मारानी नही." म्हणून मी वॉर्निंग चहाच्या वेळीच उरकून टाकायचो, बूट चढायच्या आधी. पोस्टच्या तोंडाशी फक्त "या लवकर" म्हणायचो. कोणी हरकत घेतली नाही. तीन महिने सगळं सुरळीत चाललं.

नायक जालमसिंग वसावे आमच्याच जिल्ह्यातला, सातपुड्यातल्या काठीचा. घरी भिली बोलायचा, पण बाजारहाटामुळे अहिराणी पक्की. मला दादा म्हणायचा. त्या वर्षी त्याचा होळीचा नवस होता, अंगाला राख फासून, कमरेला भोपळे बांधून बुध्या होऊन नाचायचा. रजा मंजूर झाली होती. खाली बेसला जाणारी चार जणांची पार्टी त्यालाच न्यायची होती आणि तिथून पुढे तो गावी निघणार होता. तीन दिवस बर्फ पडलं, पार्टी अडकली. गडी नुसता तळमळत होता.

चौथ्या दिवशी आभाळ उघडलं. चहाच्या वेळी मी म्हटलं, "जालम, वॉर्निंग ऐकी ले. मीडियम शे."

"तुन्ही वॉर्निंग रोजनीच शे, दादा," तो हसला. तरी शिस्तीत परत म्हणून दाखवली.

सहा चाळीसला पार्टी निघाली. मी "या लवकर" म्हटलं आणि बंकरमध्ये शिरलो. सेट बोलत होता.

"कंट्रोल फॉर पोस्ट. वॉर्निंग बदलली. हाय. पूर्वेचा उतार उन्हाने लवकर तापणार. ओव्हर."

"पोस्ट. रॉजर. आउट."

बेसची वाट त्याच उतारावरून जायची. मी बाहेर धावलो. पार्टी चाळीस पावलं गेली होती. चौघांच्या पाठी दिसत होत्या, जालम सगळ्यात पुढे. मी तोंड उघडलं. आवाज छातीपर्यंत आला होता. तो निघालाय, नवसाला चाललाय, त्याला मागून हाक मारू? तेवढ्यात डोक्यात आलं, की सात वाजता ठरलेल्या वेळी ते सेट उघडतील, तेव्हा सांगू. वीस मिनिटांचा तर प्रश्न!

नंतर कित्येक दिवस मी स्वतःला समजावत होतो, की ओरडल्याने बर्फ सुटेल म्हणून गप्प राहिलो. खोटं आहे ते. पोस्टच्या अंगणात कसलं बर्फ सुटतंय? मी अपशकुनाला भ्यालो.

सातला मी वॉर्निंग दिली.

"रॉजर, दादा," जालमचा आवाज स्वच्छ होता. "पण आम्ही उताराच्या मध्यात आहोत. मागे फिरलो तरी हाच उतार. पुढे जातो. ओव्हर."

आता सांगा, या वॉर्निंगला काय अर्थ उरला? पोस्टच्या तोंडाशी तिचा अर्थ "थांब" असा झाला असता. वीस मिनिटांनी शब्द तेच, माणूस तोच, आणि त्याला करण्यासारखं काहीच शिल्लक नाही. मी एवढंच म्हणालो, "जपून. आउट."

सात बाराला उतार सुटला. पोस्टवर आधी आवाज आला, मग पांढरी धूळ दिसली. आम्ही नऊ जण फावडी घेऊन गेलो. तिघे जिवंत निघाले. जालम सव्वाअकराला सापडला. सेट त्याच्या छातीशी बांधलेलाच होता.

चौकशी झाली. मेजरसाहेबांनी रजिस्टर बघितलं. वॉर्निंग आली पार्टी निघाल्यावर. पास केली, वेळ सात. उत्तर मिळालं, वेळ सात. माझ्यावर ठपका नाही. मी साहेबांना खरं सांगितलं, की मी त्याला पाठमोरा पाहिला होता. त्यांनी रजिस्टर मिटलं. मग म्हणाले, "त्याला होळी गाठायची होती, पाटील. तू हाक मारली असतीस तरी तो गेला असता." ते माझी समजूत घालत होते की खरं बोलत होते, देव जाणे. कधी मला पटतं, जालम थांबला नसता. कधी वाटतं, "हाय" ऐकून माघारी फिरला असता, चिडून माझ्या वाटणीचा चहाही पिऊन टाकला असता. डोकं नुसतं भंजाळतं.

रिटायर झाल्यावर काठीला गेलो. तिथे जायला मला दोन वर्षं लागली, त्याची लाज वाटते. जालमची आई ओट्यावर तूर निवडत होती. धाकटा भाऊ मध्ये बसला, माझं मराठी तिला भिलीत सांगायला. मी काही लपवलं नाही. चहा, चाळीस पावलं, मागून हाक, वीस मिनिटं, सगळं सांगितलं.

तिने एकच विचारलं. भाऊ म्हणाला, "आई विचारते, त्याला ऐकू गेलं असतं का?"

"हो. वारा नव्हता."

ती काहीतरी बोलली. भाऊ खाली बघत राहिला. मी म्हटलं, "सांग, जे असेल ते."

"ती म्हणते, थांबायचं की नाही ते माझ्या पोराने बघितलं असतं. तुम्ही हाक मारायची होती."

मग तिने आत जाऊन भाकर आणि मिरचीचा ठेचा आणला. मी जेवलो. निघालो तेव्हा फाट्यापर्यंत भाऊ सोबत आला.

नायक जालमसिंग वसावे, राहणार काठी. हुशार गडी, उत्तम पार्टी कमांडर. माझ्यापासून चाळीस पावलांवर होता. मी हाक मारली नाही.