वर्गातली मैना

हे मी आजवर तोंडातून बाहेर काढलेलं नाही. नवऱ्याजवळ नाही, बहिणीजवळ नाही, आणि ज्या दोघांना सांगायला हवं होतं त्यांच्याजवळ तर नाहीच. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि हे कारण लिहितानाच मला स्वतःचा वैताग आला. अनोळखी माणसांसमोरच कसं गं सुटतं तुझं तोंड? तेव्हाही असंच सुटलं होतं.

मी पुण्यातल्या एका कॉलेजात माध्यमशास्त्र शिकवते. दर वर्षी कोणीतरी विचारतंच, ‘मॅडम, नाव लपवून इंटरनेटवर असलं घाण लिहिणारी माणसं असतात तरी कशी?’ मी सराईतपणे उत्तर देते. निनावीपण माणसाला धीट करतं, चेहरा झाकला की संकोच गळून पडतो, वगैरे वगैरे. पोरं माना खाली घालून लिहून घेतात. अरे, काय लिहून घेताय? बाई थापा मारतेय. धीट कसली? इतकी भित्री मी त्याआधी कधीच नव्हते.

थांबा. आधी सुजाताबद्दल सांगते.

मी हाच विषय शिकत होते तेव्हा इंटरनेट नुकतंच पेठांच्या बोळांत शिरलं होतं. सदाशिव पेठेत मी आणि सुजाता एका खोलीत कॉट बेसिसवर राहायचो. म्हणजे खोली घरमालकिणीची, आपली फक्त खाट. सुजाता यवतमाळकडची. वडील शाळामास्तर. उशाशी बाबासाहेबांचा छोटासा फोटो, आणि बोलणं असं मोकळं की पहिल्याच आठवड्यात घरमालकीणबाईंशी झालेल्या चकमकीनंतर ती मला म्हणाली, “इथले लोकं बोलतेत का टोचतेत, बाप्पा?” मी खूप हसले होते. त्या हसण्यात तेव्हा काही वाईट नव्हतं. नव्हतं ना? आता मला त्याचीही खात्री देता येत नाही.

आमचा तिसरा अमोल. हडपसरचा, वर्गातला नकलाकार. मॅडमपासून शिपायापर्यंत सगळ्यांची नक्कल करायचा. रविवारी तो सुजाताला स्कूटरवरून खडकवासल्याला घेऊन जायचा आणि ती येताना माझ्यासाठी भाजलेलं कणीस आणायची. ते दोघं एकमेकांना आवडत होते. हे त्यांच्याआधी मला कळलं होतं.

मग त्या निबंधाचं झालं. मासिकांच्या मुखपृष्ठांवर लिहायचं होतं. मी परदेशी विद्वानांची नावं अशी पेरली होती की मूळ मजकूर शोधावा लागावा. मॅडमनी माझा कागद परत दिला आणि म्हणाल्या, “अभ्यास आहे हो. जीव नाही.” आणि सुजाताचा निबंध त्यांनी वर्गात वाचून दाखवला. तिचे वडील तालुक्याच्या वाचनालयातून जुने दिवाळी अंक आणायचे. त्या अंकांवरच्या बायकांमध्ये आपल्या आईसारखी दिसणारी कोण, हे शोधायचा खेळ ती आणि तिची बहीण खेळायच्या. ‘आम्ही तो खेळ वर्षानुवर्षं खेळलो,’ तिनं लिहिलं होतं, ‘कोणीच जिंकलं नाही.’ वर्ग गप्प झाला. मला त्या शांततेचा राग आला. सुजाताचा नाही, असं मी स्वतःला किती वर्षं समजावत होते! शांततेचा राग येतो का कुणाला?

त्याच संध्याकाळी मी खालच्या सायबर कॅफेत गेले. तेव्हा पुण्यातल्या कॉलेजच्या पोरांचा एक ऑनलाइन कट्टा होता. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचं, खोटं नाव घ्यायचं, वाट्टेल ते बोलायचं. मी पोरग्याचं नाव घेतलं. ‘मी गेलो, मी पाहिलं, मी हसलो’ असं लिहायला लागले — किती मजा वाटली होती त्या एका ‘गेलो’ची! आणि एक पात्र सुरू केलं. ‘वर्गातली मैना’. मैना वऱ्हाडातून पुण्यात शिकायला आलेली. मैना मेसमध्ये पाणी कसं मागते, मैना मोठमोठे सिद्धान्त ‘मले समजून नाही राहिले’ म्हणत कसे ऐकते.

लोक फिदा झाले. पुढचा भाग कधी, म्हणून मागे लागले. ‘जीव नाही’ म्हणता काय? हा घ्या जीव! पण तो जीव माझा नव्हता, तिचा होता. सकाळी चहाच्या वेळी तिच्या तोंडून ऐकायचं आणि संध्याकाळी खाली जाऊन ओतायचं, हा माझा उद्योग.

खाली प्रतिक्रिया यायच्या. आधी मैनेच्या बोलीवर. मग रंगावर. मग आडनाव काय असेल यावर. मग सवलतींवर. मी जातीबद्दल एक अक्षरही लिहिलं नव्हतं, हे मी स्वतःला अनेकदा बजावलंय. मग ‘हे थांबवा’ असं एक अक्षर तरी लिहिलं का? नाही. पुढचा भाग लिहिला. आणि गंमत बघा — गंमत कसली, डोकं भणभणतं आठवलं की — त्याच सत्रात मी ‘माध्यमांत परिघावरच्या माणसांचा आवाज’ यावर शोधनिबंध वाचला आणि वर्गात पहिली आले. सुजातानं पेढे आणले होते.

एकदा रात्रीच्या जेवणाला मेसमध्ये तिनं आम्हा दोघांना सांगितलं होतं की, पुण्यात उतरल्यावर पहिल्या दिवशी रस्ता विचारायचीही तिला भीती वाटली होती. एका बंद दुकानाच्या पायरीवर उभं राहून ती मनातल्या मनात घोकत होती, ‘अहो, स्वारगेटची बस कुठे थांबते?’ कुठे, कुठं नाही. थांबते, थांबून राहते नाही. नीट पाठ झाल्यावरच तिनं एका बाईंना विचारलं. त्या बाई म्हणाल्या, “समोर पाटी आहे.”

अमोल हे ऐकून हसला नव्हता. मी मात्र ते लिहिलं.

तो भाग कोणीतरी छापून वर्गाच्या फळ्याशेजारी लावला. सुजातानं तो उभ्याउभ्या वाचला, कागद काढून घेतला, आणि खोलीवर आली. मी केस विंचरत होते. ती खाटेवर बसली.

“हे मी दोघायलेच सांगतलं होतं. तुले अन् अमोलले.”

मी कंगव्यात अडकलेले केस काढत राहिले.

“अन् हा ‘मी गेलो, मी पाहिलं’ लिहून राहिला. म्हंजे पोरगाच आहे न.”

तिनं मला स्वतःच सोडवलं होतं, एका क्रियापदाच्या जोरावर. मी गप्प राहिले असते तरी वाचले असते. तेवढं तरी करायचं होतं! पण नाही. मी म्हणाले, “त्याला नकला करायची सवय आहेच, पण...”

पण काय? त्या ‘पण’च्या पुढे माझ्याकडे काहीही नव्हतं. सुजातानं ते वाक्य पुरं होण्याची वाट पाहिली नाही.

दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये तिनं तो कागद अमोलसमोर ठेवला. तो आधी हसला — त्याला वाटलं, ती चेष्टा करतेय. त्या हसण्यानंच त्याचा निकाल लागला. मग तो म्हणाला, “सुजाता, मी नाही गं. शप्पथ.” आणि त्यानं माझ्याकडे पाहिलं. मला सगळं माहीत असणार म्हणून नव्हे. मी त्याची बाजू घेईन म्हणून. मी चहाच्या ग्लासात बघत बसले.

जिन्यात त्यानं मला गाठलं. “तू तिला काही सांगितलंस का?” मी म्हणाले, “मी? मी काहीच नाही सांगितलं.” आणि शब्द न् शब्द खरा होता! या खरेपणाची मला आजही शिसारी येते.

अमोलशी कोणी बोलेना. मैना बंद झाली, हा तर आणखी पुरावा ठरला. पकडला गेला म्हणून बंद पडली, असं सगळे म्हणायचे. त्यानं परीक्षा दिली आणि बंगळुरूला एका कॉल सेंटरमध्ये लागला. निरोप समारंभाला आला नाही.

आणि सुजाता? ती वर्गात बोलायची थांबली. मग एका सकाळी मला म्हणाली, “माझी भाषा सुधरून दे.” मी नाही म्हणाले नाही. खिडकीपाशी बसून मी तिला ‘पाणी’ म्हणायला लावायची. ‘न’ नाही, ‘ण’. पुन्हा म्हण. पुन्हा. ती शहाण्या मुलीसारखी म्हणायची. तिच्या आईचा फोन घरमालकीणबाईंकडे यायचा तेव्हा ती आईशीही तसंच बोलायला लागली. एकदा फोन ठेवून म्हणाली, “आई मला विचारते, ‘तू रागावली आहेस का माझ्यावर?’”

आज सुजाता आवाजाची कामं करते. तुम्ही कुठल्याशा कंपनीला फोन लावता, ‘मराठीसाठी दोन दाबा’ म्हणून एक स्वच्छ आवाज येतो, कुठल्याही गावचा नसलेला — त्यातला एखादा तिचा असतो. ती उत्तम कमावते, तिचं नाव आहे, आणि मला ती अजून जवळची मैत्रीण मानते. म्हणजे शेवट गोड झाला, असं कोणी म्हणेल. म्हणू नका, कृपा करून.

मागच्या वर्षी आमच्या तुकडीचं संमेलन झालं. आयोजन माझ्याकडे. सुजातानं माईक हातात घेतला आणि त्या निर्दोष मराठीत सांगितलं, की एका माणसानं तिला फार दुखावलं होतं, ती बाडबिस्तारा बांधून गावी परत निघाली होती, आणि माझ्यामुळे राहिली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी उठून उभी राहिले. हात जोडले.

चहाच्या वेळी कोणीतरी विचारलं, “अमोल नाही का आला?”

मी म्हणाले, “त्याच्याशी संपर्कच झाला नाही.”

त्याचा नंबर माझ्या फोनमध्ये आहे. मी लावलाच नव्हता.