रेहानाचा नवरा आणि चौथा कप

शाळेतून रिटायर झाले तेव्हा वाटलं, चला, किस्से संपले! पण मुरुमच्या काझीसाहेबांनी निरोप धाडला, "आपा, तुमचं अक्षर चांगलं आहे. रविवारी सकाळी येऊन बायकांचे अर्ज लिहून देत जा." तेव्हापासून माझ्याकडं इतके किस्से साठलेत की एक सांगायला घेतला की मागून आणखी चार डोकं वर काढतात.

बायकोनं स्वतःहून मागितलेला तलाक म्हणजे खुला. त्यासाठी येणाऱ्या बायका काय काय कारणं सांगतात! एकीला घोरणाऱ्या नवऱ्यापासून सुटका हवी होती. काझीसाहेब म्हणाले, "खात्री केल्याशिवाय मी निकाल देत नाही." त्याला बैठकीतल्या सतरंजीवरच आडवं केलं. दोन मिनिटांत गडी झोपला आणि खिडकीची तावदानं थरथरायला लागली. काझीसाहेब कानावर हात ठेवून म्हणाले, "आपा, अर्ज मंजूर करा, लवकर!" ती बाई इतकी हसली की हसत हसत त्यालाच घेऊन घरी गेली.

असे पुष्कळ आहेत. रेहानाचा किस्साही मी अशीच हसत सांगायला बसते, पण मध्येच माझा आवाज बसतो.

*

रेहाना आली ती चाळिशीची, नीटनेटकी बाई. मुलगी सादिया सासरी गेलेली. घरात ती आणि नवरा, दोघंच. नवरा गोदामात कारकून.

"मारतो?" काझीसाहेबांनी विचारलं.

"न्हाय."

"पितो? बाहेर काही भानगड?"

"न्हाय हो. नमाजी आहेत. घरात सगळं आणून देतात."

"मग बेटी, कारण काय लिहायचं?"

"तेच तर सांगता येईना," रेहाना म्हणाली. "ते घरात असतात का नसतात, तेच मला कळंना झालंय."

काझीसाहेब हसले. "असा नवरा मिळावा म्हणून बायका दुआ मागतात!"

रेहाना हसली नाही. अर्जातली कारणाची जागा मी कोरी ठेवली.

*

पुढचा रकाना नवऱ्याच्या नावाचा. आमच्याकडं जुन्या वळणाच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. अशा वेळी मी कागद पुढं सरकवते आणि म्हणते, "तोंडानं नको, हातानं लिही."

रेहानानं पेन घेतलं. बराच वेळ धरून बसली. मग माझ्याकडं बघितलं.

"आपा, आठवंना."

मला वाटलं लाजतेय. पण तिच्या कपाळावर घाम आला होता. वीस वर्षं 'सादियाचे अब्बा' म्हणून काढलेली! मी तिच्या माहेरी, बेंबळीला फोन लावला. आई म्हणाली, "जावईबापूंचं नाव? थांबा, सांगते..." आणि थांबलीच. भाऊ म्हणाला, "आमी दाजीच म्हणतो. नाव... साधंच आहे की काहीतरी!"

शेवटी निकाहनामा आणवला. त्यावरून मी नाव उतरवलं. अर्ज बंद केला आणि काझीसाहेबांनी विचारलं, "काय नाव लिहिलंत?"

मला सांगता येईना! वय झालं, म्हटलं आणि विषय बदलला.

*

काझीसाहेबांची पद्धत अशी की, तीन रविवार तीन बैठका. नवरा-बायकोला समोरासमोर बसवून समजूत घालायची. तिन्ही वेळा नवरा आला नाही तर त्याच्याशिवाय निकाल. आणि अर्जदार बाईच आली नाही तर अर्ज खारीज.

हजेरीची शिस्तही ठरलेली. दारात स्टुलावर रजिस्टर. चपला काढायच्या, सही करायची, मग आत यायचं. मी आत बसून बैठकीत काय झालं ते वेगळ्या कागदावर लिहायचे. रजिस्टर तपासायचे ते महिनाअखेरीला.

पहिल्या बैठकीला आम्ही तिघं. काझीसाहेब, समोर रेहाना, मी. माझ्या शेजारची खुर्ची नवऱ्यासाठी. तासभर वाट पाहून मी कागदावर 'नवरा गैरहजर' लिहिलं.

खालच्या हॉटेलातून लतीफचाचा चहा घेऊन आले. चार कप!

"तिघं आहोत, चाचा."

"मी दारातनं डोकी मोजून आणतो, आपा," चाचा फणकारले. चाळीस वर्षं त्यांचा हिशेब चुकलेला नाही, हे गावाला माहीत आहे. म्हणून वाद घातला नाही. चौथा कप रिकाम्या खुर्चीपुढं ठेवला.

दुसऱ्या बैठकीलाही तसंच. नवरा गैरहजर, कप चार. जाताना चाचांनी कप गोळा केले तेव्हा चारही रिकामे होते. काझीसाहेबांना वाटलं मी दोन प्यायले. मला वाटलं ते प्यायले!

*

त्या दिवशी रेहाना जिन्यात थांबली आणि मला एक गोष्ट सांगितली.

ती एकदा आठ दिवस बेंबळीला गेली होती. नवरा कामावर गेलाय असं समजून बाहेरून कुलूप लावलं. आठ दिवसांनी उघडलं तर तो आत खाटेवर पेपर वाचत बसलेला. खिडकीला गज, पण गल्लीत माणसं होती, हाक मारायची! शेजाऱ्यांनी काहीच ऐकलं नव्हतं. गोदामातही कुणी विचारलं नव्हतं.

"जेवलात का?" तिनं घाबरून विचारलं.

"तू आलीस की जेवू म्हटलं," तो म्हणाला. आणि पेपरचं पान उलटलं.

"आपा, ते भांडले असते, ताट फेकलं असतं तर मी पाय धरले असते," रेहाना म्हणाली. "वाईट माणूस न्हाय तो. पण त्यांच्या शेजारी राहून आता मला बी तसंच होतंय. किराणाच्या दुकानात उभी राहते, दुकानदार माझ्या मागच्या बाईला विचारतो, काय पायजे. परवा एस्टीत एक माणूस माझ्या मांडीवर पिशवी ठेवून मोकळा झाला. सीट रिकामी समजला तो. मला लई भ्या वाटतंय. सुटले न्हाय तर मी बी जाईन."

मी तिचा हात धरला. हात होता. गार होता. मला तिची फार दया आली.

*

तिसरा रविवार. रेहाना वेळेवर आली, समोर बसली. लाल ओढणी. काझीसाहेबांनी घड्याळ बघितलं, दाराकडं बघितलं आणि मला म्हणाले, "नवरा नाही, आणि आज तर बाईही नाही. अर्ज खारीज करा."

रेहाना त्यांच्यापासून हातभर अंतरावर बसली होती! तिचे ओठ हलत होते, पण आवाज फुटत नव्हता.

"काझीसाहेब, ही काय समोर!" मी जवळजवळ ओरडलेच.

ते दचकले. डोळे चोळले. "अरे... कधी आलीस, बेटी?"

"सही करून आले," रेहाना कशीबशी म्हणाली.

मी उठून रजिस्टर आणलं. आजच्या पानावर तिची सही होती. आणि तिच्या वर आणखी एक. मागची पानं उलटली. पहिला रविवार, दुसरा रविवार, दोन्हीकडं तीच सही. सुबक, सरळ, कारकुनी. निकाहनाम्यावरचीच!

"ते तिन्ही वेळा आलेत," रेहाना म्हणाली. "तुमच्या शेजारी बसलेत, आपा. आता सांगा, कारण काय लिहायचं?"

मी मान वळवायच्या आत शेजारून अदबीनं आवाज आला.

"बाई, पेन देता का? ती बरोबर बोलती. मला मंजूर आहे."

मी पेन दिलं. त्यानं सही केली. माणूस होता, पांढरा शर्ट होता. बाकी विचारू नका, खरंच आठवत नाही. कारणाची जागा काझीसाहेबांनी कोरीच राहू दिली आणि मोहर मारली.

खाली उतरून मी तिला स्टँडवर सोडायला गेले, तर कंडक्टर ओरडला, "ओ लाल ओढणीवाल्या मावशी, चला की लवकर!" रेहाना भर स्टँडवर रडायला लागली. एस्टीत चढताना मला म्हणाली, "ऐकलंत, आपा? मलाच म्हणाला!"

आता ती बेंबळीला शिवणकाम करते. गल्लीभर तिचा आवाज ऐकू येतो म्हणे.

*

आता गेल्या रविवारचा किस्सा. कुणाची बैठक नव्हती, पण मी सवयीनं गेले. चपला काढल्या, सही केली, आपल्या खुर्चीवर जाऊन बसले. शेजारची खुर्ची रिकामी. काझीसाहेब समोर पेपर वाचत होते. मी सलाम केला. त्यांनी पान उलटलं.

लतीफचाचा ट्रे घेऊन आले. दारात थांबले, नेहमीसारखी डोकी मोजली आणि टेबलावर तीन कप ठेवले. एक काझीसाहेबांपुढं. एक माझ्यापुढं. एक शेजारच्या खुर्चीपुढं.

काझीसाहेबांनी पेपर खाली केला. माझ्या खुर्चीकडं बघितलं, शेजारच्या खुर्चीकडं बघितलं आणि म्हणाले,

"चाचा, तीन कशाला? आज मी एकटाच तर आहे!"