प्रेमाकाकूची लाथ

वाकोल्यात आमच्याच बिल्डिंगमध्ये सातव्या मजल्यावर राहणाऱ्या प्रेमाकाकूने आत्तापर्यंत निदान तीनशे माणसांना लाथा घातल्यात आणि सगळे थँक्यू म्हणून गेलेत. काकू पायाळू ना! म्हणजे जन्मताना डोक्याआधी पाय बाहेर आले. अशा माणसाची लाथ लागली की उसण, लचक, मुरगळलेला पाय, सगळं पळतं असं लोक मानतात. रविवारी सकाळी तिच्या दारात चपलांचा ढीग असतो नुसता.

मी मित्रा, फिजिओथेरपीच्या दुसऱ्या वर्षाला. माझी जाम सटकायची. "काकू, आतलं लिगामेंट ताणलेलं असतं, लाथेने काय होणार?"

"तू चार वर्षां शिक गो मित्रा. मी शिकानच जन्माक इलंय."

लाथ म्हणजे खरं तर हळूच पाय टेकवणं. फक्त स्वतःच्या दिराला तिने जोरात हाणली होती, कंबर धरून आला होता बिचारा. "तेका मनापासून दिलंय," असं ती अजून सांगते. आणि लाथेनंतर ऑर्डर ठरलेली. तीन दिवस पाय उशीवर, चालायचं नाही, तेल लावून चोळायचं नाही. नाहीतर लाथ उतरते.

तर मंगळवारी लिफ्ट बंद, काकू बांगडे भरलेली पिशवी घेऊन जिन्याने येत होती आणि तिचाच पाय आत मुरगळला. घोट्याचा पार बटाटावडा! मी धावले. हाडावर दाबून बघितलं, चार पावलं टाकायला लावली. टाकली तिने, शिव्या देत देत. म्हणजे हाड बहुतेक शाबूत होतं. नॅपकिनमध्ये बर्फ गुंडाळून पंधरा मिनिटं धरला, क्रेप बँडेज बांधलं, पाय दोन उशांवर. म्हटलं, "आता उठायचं नाही. असंच चालत राहिलीस तर घोटा ढिला पडेल, मग दर महिन्याला मुरगळत बसेल. आणि सूज नाही उतरली तर एक्स-रे."

"आणि भाकऱ्यो कोण, तुझो बापूस थापतलो?"

अर्ध्या तासाने बघते तर बाई गॅससमोर! सोफ्यावरून तिच्या नवऱ्याचं, काशीरामकाकांचं ज्ञान चालू, "चलान चलान मोकळो होता पाय." संध्याकाळपर्यंत सूज डबल. मी एवढी ओरडले की मलाच रडू आलं. काकूने मला किचनमध्ये ओढलं.

"अगो, बाई नुसती दुखता म्हणाली तर कोण आयकता? लाथ लागली म्हटल्यार सासू पण गप बसता. सगळ्यांका मी सुट्टी दिलंय. माका कोण देतलो?"

मला त्या रविवारच्या चपला आठवल्या. बहुतेक बायकांच्याच की यार! माझ्या आईचा पाय मुरगळला होता तेव्हा पप्पांनी तीन दिवस भयाण खिचडी केली होती. का, तर लाथ उतरेल म्हणून.

मी सुटले ती थेट पाचव्या मजल्यावर. दर्शनाताईच्या, म्हणजे माझ्या बहिणीच्या मांडीवरून तिचा पाच महिन्यांचा सम्यक उचलला आणि परत वर काकूच्या हॉलमध्ये आणला. तोपण पायाळू!

काशीरामकाका लगेच उठून बसले. "ह्यो सिझरचो ना? सिझरचो पायाळू चलता?"

"पाय पयले इले मां?" काकू गरजली. "झाला तर!"

सम्यक गाढ झोपलेला. मी त्याची टाच धरली, बँडेजला टेकवली आणि चेहरा एकदम सिरियस करून बोलले, "काका, तीन दिवस हिने उठायचं नाही. बाळाची लाथ आहे, फार नाजूक असते. पटकन उतरते."

आमच्या प्रोफेसरना कळलं तर मला हाकलतील. हाकलू देत!

काकांनी बायकोच्या पायाकडे बघितलं. मग सम्यककडे. मग मुकाट्याने किचनमध्ये गेले. आत डबे आपटल्याचे आवाज.

"पीठ खय आसा?"

काकूने उशीवर पाय नीट ठेवला आणि डोळे मिटले. "निळ्या डब्यात. आणि पाणी ऊन करून घेवा, नायतर भाकरी फुटतली."